लांबपणाचे दोन प्रकार



अलीकडे सप्ताहाच्या मांडवात एक प्रश्न फार येतो. पूर्वी कीर्तन उरकून बसलो की लोक विचारत, माळ घालायची तर पथ्ये कोणती, सुतकात हरिपाठ म्हणावा का, एकादशी दोन आल्या तर आपली कोणती. आता विचारतात, “महाराज, अमेरिकेतून विमानाने येऊन कोणी आषाढी केली, तर ती वारी धरायची का?” विचारणारा बहुतेक वेळा तिकडे राहणाऱ्या मुलाचा बाप असतो. कधी रजेवर आलेला मुलगा स्वतःच असतो. शेजारी बसलेला एखादा जुना वारकरी हसून म्हणतो, पाय जमिनीला लागले नाहीत ती वारी कसली? मला त्या हसण्यात सामील व्हावेसे वाटत नाही. या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर त्याच्या पोटातला दुसरा प्रश्न आधी बाहेर काढावा लागतो. लांब म्हणजे काय? विमानाने लांबचे जवळ केले असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय जवळ आले?

आमचे राहाता नगर-मनमाड रस्त्यावरचे, पेरूचे गाव. शिर्डी अगदी लगत. १ ऑक्टोबर २०१७ रोजी काकडीच्या विमानतळाचे उद्घाटन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाले, आणि कोपरगाव तालुक्याबाहेर ज्या गावाचे नाव फारसे कोणाच्या तोंडी नव्हते तेथे दिल्ली-हैदराबादची माणसे उतरू लागली. मुंबईला जायचे तर एसटीने दिवस मोडायचा, विमानाला पाऊण तास पुरतो. मग समृद्धी महामार्ग आला. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला झाला, आठ तासांचे काम. आमचा पेरूवाला शेतकरीसुद्धा आता किलोमीटर बोलत नाही, तास बोलतो. मुंबई किती लांब म्हटले की “चार तास” म्हणतो. कोस गेले, मैल गेले, आता किलोमीटरही चालले.

आता लांबचे घेऊ. मुंबई आणि न्यूयॉर्क. या दोन शहरांमधले सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. मध्ये न उतरता जाणारे विमान ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास धावते आणि साधारण सोळा तास घेते. येथे एक गंमत पाहा. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर वाट अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि मग समुद्र अशी दिसते. पण पृथ्वी गोल. नातवाच्या शाळेतला पृथ्वीचा गोल घ्या आणि या दोन शहरांवर दोरा ताणून धरा. दोरा उत्तरेला चढत जातो, पार युरोपच्या वरच्या अंगाला जातो आणि मग खाली उतरतो. नकाशावर जी वाट वाकडी दिसते तीच गोलावर सर्वांत जवळची.

दुसरी गंमत वाऱ्याची. जाताना सोळा तास लागले, तर येताना दीड-दोन तास कमी लागतात. अंतर तेच, विमान तेच. त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे मोठा वारा वाहतो, तो येताना पाठीशी असतो आणि जाताना छातीवर. तिसरी गोष्ट गमतीची नाही. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले आणि आपणही त्यांच्या विमानांना केले. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या आपल्या विमानांना वळसा घालावा लागू लागला. लंडन तिथेच होते, दिल्ली तिथेच होती, मधले लांबपण दोन सरकारांच्या वैराने वाढले.

आणि घड्याळाला विचाराल तर ते आणखी निराळेच सांगेल. न्यूयॉर्कची घड्याळे उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतात. मुंबईहून रात्री दोनला निघालेला माणूस तिथे त्याच तारखेच्या सकाळी साडेआठला उतरतो. मनगटाच्या हिशोबाने साडेसहा तास झाले. आईच्या देवघरासमोर मात्र तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असतात आणि ती सोळा तास “पोचला का” म्हणून बसलेली असते. सांगा, यातले खरे अंतर कोणते?

आमच्या विद्यार्थिदशेत आळंदीला तर्कसंग्रह पाठ करावा लागे. अन्नंभट्टांचा हा लहानसा ग्रंथ. कित्येकांना तो रुक्ष वाटे, मला गोड वाटे. त्यात चोवीस गुण सांगितले आहेत. रूप, रस, गंध अशी यादी चालते आणि त्या यादीत परत्व आणि अपरत्व असे दोन गुण येतात. परत्व म्हणजे लांब असणे, अपरत्व म्हणजे जवळ असणे. शास्त्रकार म्हणतात हे गुण दिशेमुळेही उत्पन्न होतात आणि काळामुळेही. दिशेचे उदाहरण जुने आहे. पाटण्याहून निघालेल्या माणसाला काशी जवळ आणि प्रयाग लांब. आता हे लांबपण प्रयागात आहे का? प्रयागात जन्मलेल्या माणसाला विचारा, तो म्हणेल लांब तुम्ही राहता. म्हणून शास्त्राने येथे एक नाजूक शब्द घातला आहे, अपेक्षाबुद्धी. कोणीतरी येथे उभा राहून, या ठिकाणाच्या अपेक्षेने ते ठिकाण पाहतो, तेव्हा लांबपण उत्पन्न होते. पाहणारा पाहिजे. दोन दगडांमध्ये अंतर मोजता येईल, पण एक दगड दुसऱ्याला लांब नाही.

काळाचे परत्व आणखी वेगळे. त्याचा प्रवासाच्या तासांशी संबंध नाही, हे नीट ध्यानात घ्या. काळाने लांब म्हणजे ज्येष्ठ. ज्याच्या जन्मापासून सूर्याच्या फेऱ्या जास्त झाल्या तो काळाने पर, ज्याच्या कमी झाल्या तो अपर. बाप मुलापासून काळाने लांब आहे. तो त्याच्या मांडीला मांडी लावून बसला तरी तीस वर्षे लांबच आहे.

माझे सगळे म्हणणे या दोन लांबपणांत आहे. विमानाने पहिले लांबपण कापले आहे आणि फार मोठे काम केले आहे, त्याला नावे ठेवणारा मी नव्हे. पण माणसाने नकळत असे धरले की दुसरेही कापले गेले. लंडन नऊ तासांवर आले, न्यूयॉर्क सोळा तासांवर आले, म्हणून आईसुद्धा सोळा तासांवर आहे, असा हिशोब मनात पक्का बसतो. आई सोळा तासांवर कशी असेल? ती ऐंशी वर्षांवर आहे, आणि दर वर्षी आणखी एक वर्ष पुढे जाते. त्या दिशेला कुठलेच विमान जात नाही.

हे पूर्वीच्या लोकांना चुकण्याची सोयच नव्हती. आनंदीबाई जोशी घ्या. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ दोन महिने. वय अवघे अठरा. उतरवून घ्यायला आल्या थिओडिशिया कार्पेंटर, न्यू जर्सीतल्या रोझेलच्या. दोघींनी एकमेकींना पूर्वी पाहिले नव्हते, पण तीन वर्षे पत्रे चालू होती. गोपाळरावांचे एक पत्र तिकडच्या मिशनरी मासिकात छापले गेले होते, ते दंतवैद्याकडे आपली पाळी येईपर्यंत चाळता चाळता कार्पेंटरबाईंच्या नजरेला पडले, आणि येथून सगळे सुरू झाले. एक पत्र पोचायला महिन्याहून जास्त लागे, उत्तर यायला तितकेच. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. बोटीत पाऊल ठेवण्याआधीच मावशी जवळची झाली होती. १८८६ च्या मार्चमध्ये डॉक्टर होऊन त्या नोव्हेंबरात परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी पुन्हा तोच समुद्र ओलांडून गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या आहेत. मावशीने भाचीला घरच्या माणसांत जागा दिली.

दोन महिन्यांचा प्रवास असला की माणूस “केव्हाही येईन” असे म्हणूच शकत नाही. जायचे असेल तर ठरवावे लागते, निरोप घ्यावा लागतो, परत भेट होईल न होईल हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. स्वातंत्र्यानंतर ८ जून १९४८ ला एअर इंडियाचे पहिले परदेशी विमान मुंबईहून लंडनला निघाले, कैरो आणि जिनिव्हा असे टप्पे घेत. तेव्हाही विमानात बसणे म्हणजे राजेरजवाड्यांचे काम. “केव्हाही” हा शब्द आपल्या तोंडी आला तो गेल्या तीस-चाळीस वर्षांत, आणि तो फार गोड शब्द आहे. गोड म्हणून घातक आहे.

आमच्या ओळखीच्या एका घरची हकीकत सांगतो, नावगाव विचारू नका. घर बागाईतदाराचे, मुलगा हुशार, न्यू जर्सीत नोकरी. पहिली काही वर्षे तिकीट महाग वाटे, तरी दर दोन वर्षांनी पुरा महिनाभर येई. आईबरोबर पेरू वेचायला बागेत जाई, बापाबरोबर सप्ताहाला येऊन माझ्या पाठीमागे टाळकऱ्यांत उभा राही. पुढे पगार वाढला, विमाने वाढली, काकडीला विमानतळ झाला. तसे येणे मात्र कमी झाले. आधी महिन्याचे दोन आठवडे झाले, मग नऊ दिवस, त्यातले चार मुंबई-पुण्यात कामाचे. मग चार वर्षे आलाच नाही. भांडण नाही, अबोला नाही. रोज मोबाइलवर तोंड दिसे. बाप मला अभिमानाने सांगे, “आता काय महाराज, सकाळी फोन केला तर उद्या दारात उभा राहील.” आणि हे अगदी खरे होते.

एका पहाटे बाप गेला. मुलगा हाती लागेल त्या विमानाने निघाला. तीस-बत्तीस तासांत, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर घरी पोचला. तोपर्यंत अग्नी पुतण्याने दिला होता, तो त्याने तिकडच्या विमानतळावर बसून मोबाइलवर पाहिला. सावडायला मात्र तो होता, दहाव्याला होता, सगळे नीट केले. दहाव्याच्या संध्याकाळी ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसला आणि बराच वेळाने म्हणाला, “विमान अगदी वेळेवर होतं, महाराज.” एवढेच. मी त्याला काही उपदेश केला नाही. त्या मुलाला तीस तासांचे दुःख नव्हते, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. तीस तास काहीच नाहीत. त्याला मधली चार वर्षे दिसत होती, आणि त्या चार वर्षांत विमान कधीही वेळेवर मिळाले असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

जुन्या वारकऱ्याचा पक्ष असा की वारी म्हणजे चालणे. चालण्याची थोरवी मी काय सांगावी? आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत शिरते, सुमारे अडीचशे किलोमीटर. आपल्या नगर जिल्ह्यातून त्र्यंबकेश्वरच्या निवृत्तिनाथांची पालखी जाते, तिची वाट याहून कितीतरी लांब. ज्याने दिंडीत पिठाचे पोते उचलले, पावसात तंबूची दोरी धरून रात्र काढली, अनोळखी माणसाच्या पायाला तेल लावले, त्याला चालण्याने काय होते हे सांगावे लागत नाही. मी चाललो तोवर चाललो. आता गुडघे चालू देत नाहीत आणि एसटीने जातो.

म्हणून तर या पक्षाला मला विचारावेसे वाटते. पंढरपूरला कुर्डूवाडीहून रेल्वे आली ती १९०६ साली. म्हणजे शंभराहून जास्त वर्षे झाली, पंढरीला न चालता जाण्याची सोय आहे. तरी लाखो लोक चालतात. यावरून चालणे नाइलाज नव्हता, आवडीने पत्करलेले होते हे सिद्ध होते. पण त्याच शंभर वर्षांत लाखो लोक रेल्वेने आणि एसटीने आले, त्यांत म्हातारे होते, लेकुरवाळ्या होत्या, ज्यांना पेरणी सोडून तीन आठवडे मिळत नव्हते असे कुणबी होते. त्यांना कोणी माळ उतरवायला सांगितली का? चंद्रभागेत त्यांच्यासाठी वेगळा घाट बांधला का? एसटी चालते आणि विमान चालत नाही, असा भेद शास्त्रातही नाही आणि संप्रदायातही नाही. तो फक्त आपल्या मनातला तिकिटाच्या किमतीचा भेद आहे.

मग वारी कशाने होते? शब्दातच आहे. वारी म्हणजे फेरी, पुन्हा पुन्हा येणे. एकदा आलेला तो यात्रेकरू. वारकरी तो, जो पुढच्या वेळी येणार हे देवालाही ठाऊक आणि घरच्यांनाही ठाऊक. वारीला तिथी आहे. आषाढी शुद्ध एकादशी कोणाच्या सवडीने पुढे-मागे होत नाही. पाऊस लांबला, सोयाबीनचे भाव पडले, कचेरीने रजा नाकारली, तरी एकादशी त्या दिवशीच. वारकऱ्याच्या कोशात “केव्हाही” हा शब्द नाही. म्हणून मी विचारणाऱ्याला सांगतो, तू विमानाने आलास की बैलगाडीने हे मी पाहणार नाही. पुढच्या आषाढीला येणार का, आणि त्याच्या पुढच्या? दर वर्षी जमणार नसेल तर तिसऱ्या वर्षी ये, पण कोणत्या ते आज सांग. तेवढे सांगितलेस तर तुझी वारी विमानातही चालू झाली.

मोजमापाच्याच गोष्टी निघाल्या म्हणून एक सांगतो. २०२५ साली पंढरपूरहून लंडनला पादुका नेण्याचा संकल्प झाला, तो वर्तमानपत्रांत तुम्हीही वाचला असेल. मोटारीने, बावीस देशांतून, अठरा हजार किलोमीटर, सत्तर दिवस. विमानाने मुंबई-लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, नऊ-साडेनऊ तास. अनेकांनी विचारले, एवढा खटाटोप कशाला, पादुका पिशवीत घालून विमानाने नाही का नेता येत? येतात की. पण मधल्या गावांतल्या माणसांना दर्शन व्हायचे होते. येथे लांबपण हेच देणे होते, ते कापून टाकले असते तर संकल्पात उरले काय असते? कुठे लांबपण कापावे आणि कुठे राखावे, हे ज्याचे त्याने पाहावे. कोणी खाटेवर पडून आपली वाट पाहत असेल तर पायी निघणारा माणूस भक्त नव्हे, हट्टी आहे.

सर्वांत लांबचा प्रवास मात्र विमानाचा नाही, मोटारीचाही नाही. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, नामदेव पायरीजवळ. तेथून गाभारा किती लांब? पावले मोजायची तर लहान मूलही मोजील. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळून चोखोबा गेले ते १३३८ साली. त्यांच्या लेकरांना त्या दारातून आत जाता यावे म्हणून साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावे लागले ते १९४७ च्या मे महिन्यात. पायरीपासून गाभाऱ्यापर्यंत यायला सहाशेहून जास्त वर्षे लागली. आणि ज्याला या वर्षांत आत जाता येत नव्हते, त्याची भक्ती दुरून होती असे कोणी म्हणेल का? अपेक्षाबुद्धी आठवा. दाराच्या आत उभे राहून जो चोखोबांकडे पाहत होता, त्यानेच ते लांबपण उत्पन्न केले होते.

पुंडलिकाची कथा तुम्हाला तोंडपाठ आहे, ती येथे मांडत नाही. एकच गोष्ट दाखवतो, जी कीर्तनात वेळेअभावी राहून जाते. पुंडलिक काशीला निघाला होता. त्या काळी काशी म्हणजे महिने लागणारी वाट, ती वाट त्याला जड वाटली नाही. जड वाटले ते घरच्या दोन म्हाताऱ्यांपर्यंत जाणे, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. त्याचे डोळे उघडले आणि तो मागे फिरला. आपल्या संप्रदायाचा आरंभ असा एका अर्ध्यावर सोडलेल्या तीर्थयात्रेपासून आहे, हे आपण विसरतो. पुढे देव दारात आला, तेव्हा पुंडलिकाने आईबापांचे पाय सोडले नाहीत आणि देवालाही जा म्हटले नाही. वीट दिली. देव थांबला. ज्याला सगळीकडे एका क्षणात जाता येते तो एका विटेवर अठ्ठावीस युगे थांबून आहे.

म्हणून अमेरिकेहून येणाऱ्या मुलांना मी आणखी एक विचारतो, आणि काही जणांना ते आवडत नाही. मुंबईला उतरून सरळ पंढरीला गेलास, दर्शन झाले, परतीचे विमान गाठले, आणि मधे राहात्याला आईकडे एक जेवण केलेस. हिशोब कोणाला दाखवतोस? एवढे करणार असशील तर आईकडेच दहा दिवस राहा, एकादशीला तिच्याबरोबर वीरभद्राच्या देवळात हरिपाठ म्हण. पांडुरंग रागावणार नाही. त्याला थांबायची सवय आहे, आईला तेवढा वेळ नाही.

यावर एक खरा आक्षेप आहे, तो डावलून चालणार नाही. सगळ्यांनाच येता येत नाही. काहींचे कागद अडकलेले असतात. व्हिसाचा शिक्का मिळेल की नाही या भीतीने माणूस देश सोडत नाही, कारण एकदा बाहेर पडला तर नोकरी, बायको, मुलांची शाळा तिकडे आणि हा इकडे. या लांबपणाला किलोमीटर नाहीत आणि विमानही नाही. अशा मुलाला “ये” म्हणणे म्हणजे जखमेवर मीठ. दूर राहणे हा दोष आहे असे आपला संप्रदाय कधीच म्हणाला नाही. नामदेवराय स्वतः पंढरी सोडून पंजाबात गेले, गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला राहिले, आणि गुरु ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आदराने आहेत. पंढरीचा वियोग त्यांनी सोसला, आणि ज्यांच्यात राहिले त्यांचे झाले.

ज्याला येता येत नाही, त्याने तिथी धरावी एवढेच मी म्हणतो. रोज पाच वेळा तोंड दाखवण्यापेक्षा आठवड्यातला एक वार, एक वेळ ठरवून, त्या वेळी आईशी बोलावे, आणि ती वेळ दुसऱ्या कोणाला देऊ नये. वर ज्या घरची हकीकत सांगितली तेथे आता असे चालले आहे. एरवी वर्षाकाठी तो माघात येतो, बापाच्या तिथीला, आणि तिथीच्या आधी आठ दिवस. बाकीच्या रविवारी त्याच्या सकाळी आठला फोन असतो, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाच. आई हात-पाय धुऊन, दिवा लावून, मोबाइल मांडीवर घेऊन ओट्यावर बसते. ती शाळेत गेलेली नाही, पण साडेनऊ तासांचा हिशोब बोटांवर करते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, साधारण कार्तिकीच्या सुमारास, तिकडची घड्याळे एक तास मागे सरकतात आणि त्याचे आठ आपल्या साडेसहाला वाजू लागतात. ते तिला आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते, नाहीतर ती साडेपाचलाच बसलेली असते.